उजनीचा चिलापी आणि जगाचे पाणी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की आम्ही विडी कामगारांच्या मजुरीवर, सोलापूरच्या यंत्रमागावर, फार तर ऊसतोडणीच्या कोयत्यावर बोलू. आम्ही विषय कळवला तो मासेमारी आणि राष्ट्राराष्ट्रांमधील सहकार्याचा. त्यांच्यापैकी एका स्नेह्यांनी हसत विचारले, "अहो, मोहोळात वैशाखात घागरीला पाणी मिळेना, आणि तुम्ही समुद्राच्या गोष्टी सांगणार?" शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर आधी देतो.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि गेटसभांत झाले. त्या शिक्षणाने आम्हांला एक सवय लावली. कोणतीही वस्तू हाती आली की ती कोणाच्या कष्टाने आली, वाटेत कोणी किती ठेवून घेतले, आणि नियम करताना कष्ट करणारा तिथे होता की नव्हता, हे विचारायचे. हीच सवय घेऊन आम्ही मासळी बाजारात गेलो आणि पाहतापाहता साऱ्या जगाच्या पाण्यात जाऊन पोचलो. तोच प्रवास आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

आपल्या आठवडे बाजारात मासळीच्या पाटीत काय असते ते आठवून पाहा. कटला, रोहू, मृगळ असतात. त्यांतले पुष्कळसे आंध्रातून बर्फात येतात. आणि असतो चिलापी, बहुधा उजनीचा. काळसर, काटेरी परांचा, गरिबाला परवडणारा. आपल्याला वाटते हा आपल्या भीमेचा मासा. तो भीमेचा नाही. त्याचे मूळ घर पूर्व आफ्रिकेतल्या नद्यांत आहे. १९३९ साली तो जावा बेटावर सापडला. ज्या गृहस्थाने तो प्रथम वाढवला त्याच्या नावावरून इंडोनेशियात त्याला आजही मुजाइर म्हणतात. १९५२ साली तो भारतात आणला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतरची ती वर्षे अन्नटंचाईची होती. लवकर वाढणारा, काहीही खाणारा, कसल्याही पाण्यात तगणारा मासा गरीब देशांना मिळावा, असा विचार त्यामागे होता. हेतू वाईट नव्हता. पण हा मासा वीतभर होण्याच्या आतच अंडी देऊ लागतो, मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, आणि थोड्याच काळात तळे बारीक चिलापींनी भरून जाते. १९५९ मध्येच आपल्याकडच्या तज्ज्ञांनी त्याच्या प्रसारास मनाई केली. मनाई कागदावर राहिली आणि मासा पाण्यात राहिला. आज उजनीत जाळे टाकावे तर चिलापीच अधिक येतो, आणि वाम, मरळ, शिंगाडा हे भीमेचे जुने रहिवासी किती कमी झाले ते काठावरचे वडीलधारे भोई बोटे मोडून सांगतात.

तेव्हा मंडळी, आंतरराष्ट्रीय सहकार्य ही जिनिव्हा-रोममधल्या काचेच्या इमारतीतली गोष्ट आहे असे समजू नका. ती आपल्या कढईत येऊन पडलेली आहे. प्रश्न एवढाच की ती कोणत्या रीतीने आली आणि पुढे कोणत्या रीतीने यावी.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही एकांगी ठरू. कटला, रोहू, मृगळ हे मासे वाहत्या नदीत, पावसाच्या पुरात अंडी घालतात. साठलेल्या तळ्यात घालत नाहीत. म्हणून पूर्वी बंगालमधल्या नद्यांतून त्यांचे बीज गोळा करून मडक्यांत भरून रेल्वेने देशभर पाठवावे लागे. वाटेत किती मरे आणि त्यात नको ते मासे किती मिसळलेले असत, त्याला सुमार नव्हता. यावर तोड निघाली ती अशी. अर्जेंटिनात १९३० च्या सुमारास हूसे नावाच्या शास्त्रज्ञाने माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला टोचून पाहिला. शेजारच्या ब्राझीलमध्ये त्याच युक्तीने माशांची पैदास करण्यात आली. ही विद्या छापून प्रसिद्ध झाली, कोणी तिला कुलूप घातले नाही. आणि १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या माशांना त्याच पद्धतीने तळ्याकाठी अंडी द्यायला लावली. तो दिवस आज मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे चीनकडचे गवत्या आणि चंदेरी मासे आणून आपल्या तीन माशांबरोबर एकाच तळ्यात वाढवण्याची रीत बसली. कारण कोणी वरच्या थरातले खातो, कोणी मधल्या, कोणी तळातले. एकाच घरात इतके जण राहून भांडण नाही.

या एका शोधाने काय घडले? २०२२-२३ मध्ये भारतात १७५ लाख टनांवर मासळी निघाली, आणि तिच्यातली सुमारे तीन चतुर्थांश समुद्रातली नसून नद्या, तळी, धरणे यांतली होती. जगातही त्याच सुमारास मोठी घटना घडली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ साली पाण्यातून निघालेल्या १८ कोटी ५४ लाख टन जलचरांपैकी ९ कोटी ४४ लाख टन, म्हणजे निम्म्याहून अधिक, माणसाने वाढवलेले होते. धरलेल्यापेक्षा पाळलेले प्रथमच जास्त झाले. तेव्हा मासळीचा प्रश्न केवळ कोकणाचा राहिलेला नाही. आपल्याच तालुक्यात आष्टीचा ब्रिटिश काळातला तलाव आहे, भीमा-सीना जोडकालव्याने उजनीचे पाणी सीनेत उतरते, आणि डाळिंब-द्राक्षांसाठी खणलेली शेततळी तर जागोजाग आहेत. हा प्रश्न आपल्या बांधावर आला आहे.

आता मदतीची एक कहाणी सांगतो. कामगार चळवळीत आम्ही ती वारंवार सांगत आलो आहोत. १७ ऑक्टोबर १९५२ रोजी भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला. केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा इथल्या कोळ्यांची स्थिती सुधारावी म्हणून नॉर्वेने पैसा, यंत्राच्या होड्या, बर्फाचे कारखाने आणि दवाखानासुद्धा देऊ केला. नॉर्वे स्वतः कोळ्यांचा देश. त्याची नियत साफ होती. काही वर्षांनी ध्यानात आले की तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबी भरपूर येते आणि अमेरिकेत तिला मोठा भाव आहे. झाले! ज्यांच्याकडे पैसा होता ते पुढे सरसावले. होडी यंत्राची झाली, पण पुष्कळशा होड्यांचा मालक समुद्रात न जाणारा झाला. वल्ह्याच्या होडीवाल्याच्या वाटणीची मासळी घटत गेली. किनाऱ्यावर मारामाऱ्या झाल्या, जाळी जळाली, आणि कोळ्यांच्या लढ्यांनंतर १९८८ मध्ये केरळात पावसाळी ट्रॉलबंदी आली.

याचा धडा काय? यंत्र वाईट, नॉर्वे वाईट, असा धडा आम्ही काढत नाही. सोलापूरच्या गिरणीत आयुष्य घालवलेल्यांची मुले आम्ही; यंत्राला शिव्या देऊन पोट भरत नाही, हे आम्ही जाणतो. धडा असा की मदत ज्या समाजात येते त्याच्या जुन्या उतारावरूनच ती वाहते. पाणी सखल भागाकडे जाते आणि पैसा पैशाकडे जातो. वाटणीचे पाट आधी खणले नाहीत तर परोपकाराचा पूर सावकाराच्याच विहिरीत जाऊन पडतो.

यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येक देशाने आपापल्या पाण्याला कुंपण घालावे आणि आपले आपण पाहावे. हाही प्रयोग होऊन गेला आहे. १९७६ मध्ये भारताने कायदा करून किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर आपला हक्क सांगितला. १९८२ च्या सागरी कायद्याने साऱ्या जगाला तो हक्क दिला. हे योग्यच झाले, कारण त्यापूर्वी बलवान देशांची जहाजे दुबळ्यांच्या दारात येऊन मासे उपसत. पण कॅनडाची गोष्ट ऐका. न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड नावाचा मासा शतकानुशतके निघत होता. १९६८ मध्ये मुख्यतः परदेशी जहाजांनी आठ लाख टनांवर तो उपसला. १९७७ मध्ये कॅनडाने कुंपण घातले, परकीयांना बाहेर काढले, आणि मग स्वतःचीच मोठी जहाजे आत सोडली. २ जुलै १९९२ रोजी कॉडची मासेमारी बंद करण्याची पाळी आली. एका फटक्यात तीस हजारांच्या आसपास माणसे बेकार झाली. ही बंदी उठायला २०२४ साल उजाडले. कुंपणाने चोर बाहेर राहतो, पण घरातल्या खादाडाला कुंपण आवरू शकत नाही.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. नॉर्वे आणि रशिया यांच्यामध्ये बॅरेंट्स समुद्र आहे. एक देश अमेरिकेच्या गोटातला, दुसरा त्या गोटाचा कट्टर वैरी. तरी १९७५ साली, ऐन शीतयुद्धात, या दोघांनी मासेमारीचा संयुक्त आयोग नेमला. दर वर्षी दोन्हीकडचे शास्त्रज्ञ मासे मोजतात, किती धरायचे ते ठरते, आणि वाटणी होते. कॉड लहानपणी एकाच्या पाण्यात असतो आणि मोठेपणी दुसऱ्याच्या. एकाने पिल्ले मारली तर दोघेही उपाशी राहणार. युक्रेनच्या युद्धानंतर या दोघांचे बाकीचे पुष्कळ व्यवहार तुटले, पण हा आयोग चालू राहिला. मासे घटल्याचे दिसताच २०२५ साठी कॉडचा आकडा ३ लाख ४० हजार टनांवर उतरवण्यात आला. १९९१ नंतर इतका कमी आकडा ठरला नव्हता. प्रेमाने नव्हे, हिशेबाने हे सहकार्य टिकले आहे. मालक-कामगार करारांतही आम्ही तेच पाहिले आहे.

आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर? सर क्रीकच्या खाडीपलीकडे समुद्रात रेषा कुठे आहे यावर भारत-पाकिस्तानचे एकमत नाही. मासा रेषा पाळत नाही, आणि रात्रीच्या वाऱ्यात होडीही पाळत नाही. दोन्हीकडचे कोळी पकडले जातात. २००८ च्या करारानुसार दोन्ही सरकारे दर १ जानेवारीला आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण करतात. १ जानेवारी २०२५ च्या याद्यांत पाकिस्तानच्या ताब्यातले भारतीय मच्छीमार २१७ होते, आणि भारताच्या ताब्यातले पाकिस्तानी मच्छीमार ८१. भारतीयांत मोठा भरणा गुजरातेतल्यांचा असला तरी आपल्या पालघर जिल्ह्यातले आदिवासी खलाशीही त्यांत असतात. ते गुजराती होड्यांवर मजुरीला जातात. होडी मालकाची, मासा व्यापाऱ्याचा, रेषा सरकारची, आणि तुरुंग मात्र खलाशाच्या वाट्याला! मागे राहिलेल्या बायकोने हातउसने घेऊन घर चालवायचे. बंधुभगिनींनो, सहकार्य नसते तेव्हा त्याचा खर्च कोण भरतो, याचे याहून स्पष्ट बिल आम्हांला माहीत नाही.

नियम झाले नाहीत असे मात्र नाही. १९९५ मध्ये अन्न व शेती संघटनेने जबाबदार मासेमारीची आचारसंहिता केली. चोरटी मासळी कोणत्याही बंदरात उतरू नये यासाठी २००९ मध्ये करार झाला व २०१६ पासून तो अमलात आला. २०२२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेने मासेमारीच्या घातक अनुदानांवर करार केला. तोही १५ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. यामागची निकड आकड्यांत आहे. १९७४ साली जगातल्या दहा टक्के मत्स्यसाठ्यांवर त्यांच्या शक्तीबाहेर ओढ होती. २०२१ मध्ये ते प्रमाण ३७.७ टक्क्यांवर गेले. अभ्यासकांच्या अंदाजाने २०१८ साली सरकारांनी मासेमारीला दिलेल्या सुमारे ३५ अब्ज डॉलरपैकी २२ अब्ज डॉलर अधिक मोठी जहाजे आणि अधिक इंधन यांवरच गेले. म्हणजे समुद्र रिकामा करायला लोकांच्याच कराचा पैसा!

या वाटाघाटींत भारताने असे मांडले की दूरच्या समुद्रात जहाजे पाठवणाऱ्या श्रीमंत देशांनी आधी आपली अनुदाने थांबवावीत, आणि किनाऱ्यावरच्या लहान कोळ्यांच्या देशांना पुष्कळ मुदत द्यावी. ही मागणी आम्हांला न्याय्य वाटते. ज्याने ताट चाटून पुसून साफ केले त्याने उपाशी माणसाला मिताहाराचा उपदेश करू नये. पण त्याच न्यायाने घरातही विचारले पाहिजे की लहान कोळ्याच्या नावाने मिळालेली सवलत लहान कोळ्यालाच पोचते काय? २२ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चांगले झाले. आता विजेचा दर आणि कर्ज होडीच्या मालकापर्यंत थांबते की जाळे ओढणाऱ्यापर्यंत जाते, यावर आपण डोळा ठेवला पाहिजे.

नियम करणाऱ्या मेजाशी कष्टकऱ्याला खुर्ची कोणी आपणहून दिलेली नाही. १९९१ च्या धोरणाने परदेशी कंपन्यांशी भागीदारीतल्या मोठ्या जहाजांना खोल समुद्राचे परवाने मिळू लागले. त्याविरुद्ध साऱ्या किनाऱ्यावरचे कोळी एक झाले. नोव्हेंबर १९९४ मध्ये देशभर मासेमारी बंद राहिली. फादर थॉमस कोचेरी यांच्यासारख्यांनी उपोषणे केली. सरकारला मुरारी समिती नेमावी लागली, आणि १९९६ मध्ये समितीने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केल्यावर ते धोरण मागे घ्यावे लागले. याच चळवळीतून २१ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत अनेक देशांच्या मच्छीमार संघटनांचा जागतिक मंच उभा राहिला; तो दिवस जागतिक मत्स्यव्यवसाय दिन झाला. पुढे २०१४ मध्ये लहान मच्छीमारांच्या हक्कांची मार्गदर्शक तत्त्वे जगाने मान्य केली. त्यांसाठी वर्षानुवर्षे झटलेल्या चेन्नईच्या चंद्रिका शर्मा त्याच वर्षी ८ मार्चला एका बैठकीला निघाल्या असता मलेशियाच्या बेपत्ता झालेल्या विमानात होत्या. ती तत्त्वे त्यांच्या नावे अर्पण केलेली आहेत. कोरड्या ठरावांच्या मागेही अशी माणसे असतात, हे विसरू नये.

आता मजुरीचा मुद्दा, कारण तो टाळला तर आमच्याच लोकांना आम्ही तोंड दाखवू शकणार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००७ मध्ये मासेमारीतल्या कामाविषयी १८८ क्रमांकाचा करार केला. १६ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलात आहे. त्यात काय आहे? सोळा वर्षांखालील मुलाला सहसा कामावर घेऊ नये, खलाशाशी लेखी करार असावा, चोवीस तासांत दहा तास विश्रांती मिळावी, वैद्यकीय तपासणी व्हावी, सामाजिक सुरक्षा असावी. यात चैनीचे एक अक्षर नाही. तरी २०२५ पर्यंत हा करार मंजूर करणाऱ्या देशांत भारताचे नाव नव्हते. रत्नागिरीच्या होड्यांवर नेपाळहून आलेला खलाशी असो की पालघरचा आदिवासी, त्याचा करार तोंडी, हिशेब तांडेलाच्या वहीत, आणि अपघात नशिबात. मासे जगावेत म्हणून करार होतात, मासे धरणारा जगावा म्हणूनही झाले पाहिजेत; दोन्ही एकाच जाळ्याचे धागे आहेत. ते कसे, हे उजनीवरच दाखवतो.

धरण भीमेवर माढे तालुक्यात १९८० मध्ये पुरे झाले. साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यांतला अर्ध्याहून जास्त मृतसाठा. गावे बुडाली, पळसदेवचे देऊळ पाण्याखाली गेले, जमिनी गेलेल्यांपैकी काहींनी जाळे हाती घेतले. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी पाहायला मोटारी लागतात. पण त्याच पाण्यावर होडीत किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून पहाटे जाळे काढणाऱ्याकडे कोणाचे लक्ष नसते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून इथे येते आणि पाणी हिरवे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा वजा साठ टक्क्यांच्या आसपास गेला. पाणी आकसले की अंड्यावरचे मोठे मासेही एका डबक्यात कोंडले जातात आणि सहज हाती लागतात.

अशा पाण्यात बारीक आसाची जाळी चालतात. वडाप म्हणतात ते असेच. बोटाएवढे पिल्लूही त्यातून सुटत नाही. ही पिल्ले माणसाच्या ताटात थोडीच जातात. वाळवून खाद्यासाठी विकली जातात. काही काळ काठच्या तळ्यांत आफ्रिकी मांगूर वाढवला जाई. सडके मांस खाणारा, दुसऱ्या माशांना गिळणारा हा मासा २००० सालापासून देशात बंद आहे. हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर त्याची तळी नष्ट करण्यात आली, तरी तो चोरून येतोच. आणि घरातल्या काचपेटीसाठी दक्षिण अमेरिकेतून आणलेला, तोंडाने चिकटणारा मासाही कोणीतरी नदीत सोडल्यामुळे जाळी फाडू लागला आहे.

शहाणी माणसे म्हणतात, हे कोळी अडाणी आहेत, बारीक जाळे टाकून स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारतात. आम्ही त्यांना विचारतो, ऊसतोड मजूर आजारी बायकोला घेऊन फडात का जातो? अडाणी म्हणून? त्याने उचल घेतलेली असते म्हणून. जाळे, होडी, डिझेल यांसाठी व्यापाऱ्याची उचल घेतलेल्या कोळ्याचेही तेच आहे. पिल्लू पाण्यात सोडायला पुढच्या वर्षीची खात्री लागते, आणि उचल फेडणाऱ्याला पुढच्या आठवड्याचीही खात्री नसते. रोममध्ये ठरलेली आचारसंहिता भीमेच्या पाण्यापर्यंत येते, ती या उचलीच्या गाठीपाशी अडते. म्हणून आम्ही म्हणतो की पिल्लू वाचवायचे असेल तर आधी ती गाठ सोडवा.

हे होऊ शकते, याला आपल्याच राज्यात पुरावा आहे. मागच्या दशकात जागतिक पर्यावरण निधी, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि महाराष्ट्र शासन यांनी मिळून सिंधुदुर्गात एक प्रकल्प राबवला. ट्रॉलरच्या जाळ्याच्या टोकाला शंकरपाळ्याच्या आकाराचे आस असतात. ओढ बसली की ते मिटतात आणि पिल्लू आत अडकते. त्याजागी चौकोनी आसाचे टोक बसवले तर ओढ बसूनही आस उघडे राहतात, पिल्लू निघून जाते आणि मोठा मासा राहतो. मालवणच्या होड्यांना अशी जाळी देण्यात आली, ती वापरून दाखवण्यात आली. खाडीकाठच्या बायकांच्या बचत गटांनी खेकडे-कालवे पाळले, वेंगुर्ल्याला कांदळवनाची सफर सुरू केली. इथे जगाचा पैसा आणि विद्या आली, ती कोळ्याच्या हातातल्या जाळ्यापर्यंत आणि बाईच्या नावाच्या खात्यापर्यंत आली. सारे दुःख फिटले असे नव्हे, पण पाट कुठून खणावा ते दिसले. पुढे २०२३ मध्ये महाराष्ट्राने समुद्रातल्या ५४ जातींसाठी धरण्याचा किमान आकारही ठरवला.

समुद्राला लागू केले ते उजनीला का नको? आमच्या मागण्या चार आहेत, आणि त्यांतली एकही जगावेगळी नाही.

पहिली, बारीक जाळे जप्त करायचे तर ते केवळ पाण्यात नको. पिल्ले विकत घेणाऱ्याचे गोदामही तपासा. गरिबाचे जाळे जाळायचे आणि खरेदीदाराला नमस्कार करायचा, असा कायदा कोणी पाळत नाही.

दुसरी, पावसाळ्यात मासे अंड्यावर असताना मासेमारी बंद ठेवा आणि त्या काळचा निर्वाह वेळेवर द्या. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात. गिरणी बंद ठेवायची तर मजुराला भरपाई द्यावी लागते. नदी बंद ठेवायची तर का नको?

तिसरी, धरणात मत्स्यबीज सोडले असे सांगितले जाते, ते काठावरच्या सहकारी संस्थेसमोर मोजून, पंचनामा करून सोडा. बीज कोणत्या जातीचे, किती, कोणत्या दिवशी, हे फळ्यावर लिहा. पगारपत्रक गुप्त ठेवणारा मालक आम्ही पुष्कळ पाहिले. ज्याचा हिशेब खरा असतो तो फळ्याला भीत नाही.

चौथी, जाळे ओढणारा, मासे सोलणारी, पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणारी, या सर्वांची मच्छीमार म्हणून नोंद करा. मृत्यू झाल्यास पाच लाखांचा अपघात विमा आहे, पण नोंदच नसेल तर विमा कोणाला? आणि जलाशयाचा ठेका द्यायचा तेव्हा सर्वांत मोठी बोली कोणाची एवढेच न पाहता, त्या पाण्यावर पोट कोणाचे हे पाहा.

आपण मोहोळकरांनीही एक करावे. तळहातापेक्षा लहान मासा विकत घेऊ नये, आणि स्वस्त मिळतो म्हणून मांगूर घरी आणू नये. विकणाऱ्या बाईला हिणवू नका; तिला विचारा, "मावशी, मोठा कधी येईल?" गिऱ्हाइकाने मागणी बदलली की व्यापारी आपोआप शहाणा होतो.

शेवटी एक विचार सांगतो. कृष्णेच्या पाण्याचा तंटा लवादापुढे गेला, टीएमसीचे हिस्से पडले. महाराष्ट्राला इतके, कर्नाटकाला इतके, आंध्राला इतके. त्या वाटणीत माशाचा हिस्सा नाही, कारण मासा दावा लावू शकत नाही. आणि माशावर जगणारा दावा लावू शकतो, पण एकट्याने नव्हे. आपली भीमा मोहोळच्या शिवेवरून बेगमपूरला वळसा घालून कर्नाटकात जाते, कृष्णेला मिळते आणि समुद्राला पोचते. तिच्यात आपण सोडलेले प्रत्येक घाण पाणी आणि आपण वाचवलेले प्रत्येक पिल्लू कोणा अनोळखी माणसाच्या दारात जाणार आहे. राष्ट्राराष्ट्रांचे सहकार्य याहून वेगळे काही नाही: खाली राहणाऱ्याचा विचार वर राहणाऱ्याने करायचा, आणि खालच्याने तो त्याला करायला लावायचा. संघटनेचे कामही आम्ही आजवर हेच समजून केले.